दर आठवड्याची पाराशा: तोरा स्वतःसाठी कशी वाचायची

शनिवारी सकाळी अलिबागच्या इस्रायल आळीत, ठाण्यात, भायखळ्यात, दिमोनात किंवा न्यूयॉर्कमध्ये सिनेगॉगचं दार उघडतं तेव्हा सेफेर तोरामधून, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीतून, वाचायचा भाग आधीच ठरलेला असतो. त्या आठवड्याच्या भागाला पाराशा म्हणतात. तोराच्या पाच ग्रंथांचे असे ५४ भाग पाडलेले आहेत आणि वर्षभरात ते वाचून पूर्ण होतात. सिम्हात तोरा या सणाच्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात होते.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या घरात वाढलेले, सणावारी सिनेगॉगमध्ये जाणारे, पण समोर जे वाचलं जातं ते कधी स्वतः उघडून न पाहिलेले. दुसरे, ज्यू नसलेले, पण हा ग्रंथ ज्यू लोक कसा वाचतात हे मनापासून समजून घ्यायची इच्छा असलेले. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. पाराशेतून स्वतःपुरता अर्थ हवा असेल तर आवडलेलं वचन उचलून भिंतीवर लावायची घाई करू नका. जिथे मजकूर खटकतो ती जागा शोधा आणि आठवडाभर तिथेच राहा. ज्यू परंपरेतलं वाचन शतकानुशतकं याच रीतीने चालत आलं आहे.

आठवड्याचा भाग शोधणं

छापील हिब्रू दिनदर्शिकेत प्रत्येक शनिवारच्या चौकटीत पाराशेचं नाव असतं. हेबकॅलसारख्या संकेतस्थळावर तारीख टाकली तरी नाव आणि अध्याय मिळतात. नाव बहुधा त्या भागाच्या सुरुवातीच्या ठळक शब्दावरून पडलेलं असतं: बेरेशीत, नोआख, लेख लेखा, वायेरा.

दोन गोष्टींनी नवखा माणूस गोंधळतो. काही वर्षी शनिवार कमी पडतात, म्हणून सात ठरलेल्या जोड्यांपैकी काही जोड्या एकाच आठवड्यात वाचल्या जातात. तझरीआ आणि मेत्सोरा, मात्तोत आणि मासेई अशा या जोड्या. आणि सण शनिवारी आला तर नेहमीची पाराशा थांबते, सणाचा वेगळा भाग वाचला जातो. इस्राएलमध्ये पेसाह, म्हणजे मिसरातून सुटकेचा सण, सात दिवसांचा आणि बाहेर आठ दिवसांचा पाळतात, त्यामुळे आठवा दिवस शनिवारी पडला की पुढचे काही आठवडे इथली आणि तिथली पाराशा वेगळी असते. अश्दोदच्या आत्याशी फोनवर बोलताना ती पुढच्या भागात आणि तुम्ही मागच्या भागात आहात असं वाटलं, तर कुणाचंच चुकलेलं नाही.

पुस्तक कोणतं घ्यावं

हिब्रू वाचता येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर मराठी बायबल चालेल. त्यातले पहिले पाच ग्रंथ म्हणजेच तोरा: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. मात्र त्यावर लिहिलेलं ‘जुना करार’ हे नाव ख्रिस्ती परंपरेतलं आहे. ज्यूंसाठी हा जुना नाही, दुसऱ्या कशाची प्रस्तावनाही नाही. तोच ग्रंथ आहे. ज्यू नसलेल्या वाचकाने एवढं ध्यानात ठेवून सुरुवात केली तर निम्मे गैरसमज टळतात. वचनांच्या क्रमांकात क्वचित फरक पडतो. उत्पत्तीचा ३१वा अध्याय मराठीत ५५ वचनांचा आहे, हिब्रूत ५४ वचनांचा. एखादं वचन सापडलं नाही तर एक पुढे किंवा मागे पाहा.

भाष्यांसाठी सेफारिया हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय आहे. मूळ हिब्रू, इंग्रजी भाषांतर आणि प्रत्येक वचनावरची भाष्यं तिथे शेजारी शेजारी उघडता येतात. मराठीत भाष्यांची उणीव आहे आणि ती मला मनापासून सलते, पण त्यामुळे थांबू नका.

आठवडा कसा लावायचा

तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातल्या बेराखोत भागात एक जुनी शिस्त सांगितली आहे: आठवड्याची पाराशा मुळातून दोनदा वाचावी आणि अरामी भाषांतरातून एकदा. अरामी तेव्हा लोकांची बोली होती. पुढे भाषांतराऐवजी राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचं भाष्य वाचलं तरी चालतं असं मानलं गेलं. मराठी वाचकाला ही शिस्त सहज आपलीशी करता येते. रविवारी पूर्ण भाग एका दमात वाचा, कुठेही न थांबता. पाऊण तास पुरतो. मग सोमवार ते गुरुवार थोडा थोडा, सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचा. शनिवारी सकाळच्या वाचनासाठी पाराशेचे सात तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला एकेकाला पुढे बोलावतात. हेच सात तुकडे सात दिवसांत वाटून घेण्याचीही पद्धत आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेतही येत्या पाराशेची सुरुवात वाचली जाते, म्हणजे आठवड्याला हा ताल मुळातच आहे.

तिसरं वाचन गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी दुपारी, भाष्य घेऊन. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या घरात शुक्रवारी सूर्यास्तानंतर लिहिणं नाही, फोन नाही. टिपणं काढायची असतील तर त्याआधीच काढा.

खटकणारी जागा

इथे एक पाराशा प्रत्यक्ष घेऊनच बोलायला हवं. हय्ये सारा, उत्पत्ती २३:१ ते २५:१८. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. नावाचा अर्थ ‘सारेचं आयुष्य’, आणि सुरुवातीलाच सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनला मरण पावते. अब्राहाम येतो, रडतो, उठतो आणि दफनासाठी जागा मागायला हित्ती लोकांपुढे उभा राहतो. एफ्रोन आधी फुकट देऊ करतो, मग बोलता बोलता ४०० शेकेल चांदीचा आकडा सहज सोडून देतो. अब्राहाम घासाघीस न करता तोलून देतो. पुढचं वर्णन सातबाऱ्यावर नोंद व्हावी तसं आहे: शेत, शेतातली गुहा, शेतातली आणि हद्दीवरची झाडं, साक्षीदार. मग सेवक इसहाकासाठी मुलगी शोधायला जातो, विहिरीवर रिबका भेटते, दहा उंटांना पाणी पाजते. इसहाक तिला आईच्या तंबूत आणतो. शेवटी अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन मरतो.

पहिल्या वाचनात हे सगळं सुरळीत वाटतं. दुसऱ्या वाचनात स्वतःला तीन प्रश्न विचारा. कोण असायला हवं होतं आणि नाही? कोणती गोष्ट गरजेपेक्षा लांबवून सांगितली आहे? कोणती एका ओळीत उरकली आहे?

पहिल्याच प्रश्नाशी हात थांबतो. सारेच्या दफनाला इसहाक कुठे आहे? एकुलता एक मुलगा, म्हातारपणी झालेला, आणि आईच्या मातीला त्याचं नावच नाही. मागचा अध्याय उघडा. तिथे बाप मुलाला मोरियाच्या डोंगरावर बळी द्यायला नेतो आणि शेवटच्या क्षणी हात थांबवला जातो. अब्राहाम चाकरांकडे परत येतो असं लिहिलं आहे, इसहाक परत आल्याचं लिहिलेलं नाही. डोंगर चढताना बापलेकांचं जे बोलणं झालं त्यानंतर संपूर्ण तोरात ते एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत.

आता एका ओळीत उरकलेल्या गोष्टी बघा. इसहाक पुन्हा दिसतो तो २४:६२मध्ये, लहाय-रोई नावाच्या विहिरीकडून येताना. ही विहीर कुणाची? मागे शोधलं तर सोळाव्या अध्यायात सापडते. घरातून पळालेल्या हागारेला देवदूत भेटला ती जागा. हागार म्हणजे इसहाकाचा सावत्र भाऊ इश्माएल याची आई, सारेच्या सांगण्यावरून पुढे मुलासकट घराबाहेर काढलेली. आईच्या मृत्यूनंतर इसहाक नेमका तिथून का येतो आहे? आणि २५:९ मध्ये आणखी एक ओळ: अब्राहामाला इसहाक आणि इश्माएल या त्याच्या मुलांनी पुरलं. दोघांनी मिळून. ते कधी भेटले, काय बोलले, कुणी कुणाला निरोप धाडला, यावर अक्षर नाही.

हे धागे हाती लागले की पाराशा हय्ये सारा ही जमीन आणि लग्न यांची गोष्ट राहत नाही. तुटलेल्या घरात माणसं एकमेकांपर्यंत परत कशी पोचतात, हे तिच्यात दिसायला लागतं. हे मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुमचं होणार नाही. तुमच्या पाराशेत तुम्हीच शोधलेली अशी जागा हवी. ती छोटी असली तरी चालेल.

भाष्यकारांकडे जाणं

स्वतःचा प्रश्न कागदावर उतरल्याशिवाय भाष्य उघडू नका, हा नियम मी अगदी कडक मानतो. उत्तरं आधी वाचली की प्रश्न सुचायचा थांबतो.

पहिला थांबा राशी, म्हणजे फ्रान्समधल्या त्रुआचे रब्बी श्लोमो बेन इत्झाक, १०४० ते ११०५. त्यांची भाष्यं दोनचार ओळींची असतात आणि प्रत्येक ओळीमागे मजकुरातली एखादी अडचण असते. वाचताना विचारा, इथे राशींना काय खटकलं? वरच्याच विहिरीपाशी ते जुन्या मिद्राशच्या, म्हणजे तोरातल्या मोकळ्या जागा भरणाऱ्या रब्बींच्या कथा-भाष्यांच्या, आधारे म्हणतात की इसहाक हागारेला आणायला गेला होता, आपल्या वडिलांशी तिचं पुन्हा लग्न लावून देण्यासाठी. पुढे अब्राहाम कटूरा नावाच्या स्त्रीशी लग्न करतो. राशींच्या मते ती हागारच. आणि याच जागी राशींचे नातू रशबाम लिहितात की सरळ अर्थाने पाहिलं तर ही हागार नाही. आणखी एक मध्ययुगीन भाष्यकार, इब्न एझ्रा, हेही तेच म्हणतात. आजोबा आणि नातू एकाच पानावर छापले जातात, समोरासमोर, आणि कुणाचंही मत पुसलं जात नाही. तोराला सत्तर मुखं आहेत हे वचन नुसतं आदराने म्हणायचं नसतं, पानाची मांडणीच तशी असते.

तुम्हाला दोघांपैकी कुणाचं पटतं ते ठरवा आणि का पटतं ते लिहा. मला स्वतःला रशबाम व्याकरणाच्या बाजूने बरोबर वाटतात, तरी राशींची वाट सोडवत नाही. आईने ज्या बाईला घराबाहेर काढलं तिला आईच्या पश्चात मुलगा शोधायला जातो, या कल्पनेत एक जबाबदारी आहे. तिच्यापासून मला सुटका नको आहे.

या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे नेहामा लेइबोविच, १९०५ ते १९९७. १९४२पासून त्यांनी पाराशेवरची प्रश्नपत्रिका दर आठवड्याला पोस्टाने पाठवायला सुरुवात केली. शिक्षक, सैनिक, किबुत्झवरचे (सामूहिक शेतीवस्तीवरचे) कामकरी उत्तरं लिहून धाडायचे, आणि त्या ती स्वतः तपासून परत पाठवायच्या. त्यांच्या पत्रिकेत उत्तरं नसायची. अवघड प्रश्नापुढे एक फुली, फार अवघड असेल तर दोन.

मराठीलाही याचा स्वतःचा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल समाजात तोरातल्या कथांवर मराठीत कीर्तनं होऊ लागली. निरूपण, ओव्या, मध्येच आख्यान अशा सगळ्या थाटात अब्राहाम आणि योसेफ मराठी माणसांसमोर उभे राहिले. कथेतल्या मोकळ्या जागा श्रोत्यांच्या भाषेत भरायच्या हेच मिद्राशचंही काम. घरातल्या जुन्या माणसांना अशी पदं आठवत असतील तर आत्ताच लिहून घ्या.

मजकुराकडून स्वतःकडे

हे वळण शेवटी घ्यायचं, आठवड्याच्या शेवटी. आधी घेतलं तर तोरा नुसता आरसा होते आणि त्यात आपल्याला आधीच ठाऊक असलेला चेहरा दिसतो. चार दिवस अब्राहामाचं काय झालं हे बघा, मग पाचव्या दिवशी विचारा की हा प्रश्न मला कुठे लागू पडतो.

प्रश्न नेमका ठेवा. ‘क्षमा महत्त्वाची आहे’ हे सगळ्यांना माहीत आहे, त्याने कुणाचं काही हलत नाही. ‘माझ्या आईवडिलांनी ज्याच्याशी संबंध तोडले, त्याच्याकडे जाणं माझं काम आहे का?’ हा प्रश्न हलवतो. किंवा त्याच पाराशेतून दुसरा: देवाने अब्राहामाला हा सगळा देश देईन म्हणून वारंवार सांगितलं होतं, तरी बायकोला पुरण्यापुरता तुकडा त्याला पूर्ण किंमत मोजून घ्यावा लागला, आणि त्याने तक्रार केली नाही. मला मिळणारच आहे असं मी ज्याला धरून बसलो आहे, त्याची किंमत मी अजून मोजलेली नाही असं काही आहे का?

हसिदी या ज्यू भक्तिपंथातले गुरू लियादीचे श्नेऊर झाल्मान यांची शिकवण सांगतात की माणसाने काळाबरोबर जगावं, म्हणजे त्या आठवड्याच्या पाराशेबरोबर जगावं. तिला भविष्य समजू नका. या आठवड्यात इसहाकाचं लग्न आहे म्हणून आपल्याकडे मुहूर्त चांगला, असा तिचा वापर नाही. पाराशा बरोबर बाळगायची, म्हणजे कामाला जाताना, भांडणात, दवाखान्याच्या रांगेत तिच्यातला प्रश्न मनात असू द्यायचा. एखाद्या आठवड्यात काहीच लागू पडत नाही. त्या आठवड्यात ओढूनताणून काही काढू नका. वाचलं, एवढी नोंद पुरे.

वही ठेवा. एका पाराशेला एक पान, वर नाव आणि वर्ष, खाली प्रश्न. अर्धं पान मोकळं सोडा, पुढच्या वर्षी तीच पाराशा येईल तेव्हा त्याच पानावर लिहायचं असतं.

हाफ्तारा

पाराशेनंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातला एक भाग वाचतात, ती हाफ्तारा. दोन्हींतला दुवा शोधणं हा सुंदर व्यायाम आहे. हय्ये सारासोबत १ राजे याचा पहिला अध्याय येतो: दावीद राजा म्हातारा झाला आहे, अंगात ऊब राहत नाही, मुलं गादीसाठी भांडत आहेत. अब्राहामही म्हातारा झाला आहे, त्याचं वर्णनही जवळजवळ त्याच शब्दांत आहे, पण त्याची मुलं त्याला मिळून पुरतात.

रूक्ष वाटणाऱ्या पाराशा

गोष्टी संपल्या की बहुतेकांचा उत्साह मावळतो. निर्गमच्या उत्तरार्धात मंडपाची मापं, लेवीयात बळी आणि अशुद्धी, गणनेत याद्या. इथे सोडू नका, कारण माझ्या मते सर्वांत खोल वाचन इथेच होतं.

मासेई घ्या. गणना ३३मध्ये मिसरातून निघाल्यापासूनच्या ४२ मुक्कामांची नुसती यादी आहे: इथून निघाले, तिथे तळ दिला. राशींना प्रश्न पडतो, ही यादी कशाला? ते आधी हिशेब करतात. १४ मुक्काम पहिल्या वर्षातले, आठ शेवटच्या वर्षातले. म्हणजे मधल्या ३८ वर्षांत फक्त २० मुक्काम झाले. शिक्षेच्या काळातही लोकांना रोज उठवून हाकललेलं नाही. मग ते मिद्राशमधला दृष्टांत देतात. एका राजाचा मुलगा आजारी होता. राजाने त्याला दूरदेशी नेऊन बरं केलं. परतताना बाप वाटेतला एकेक मुक्काम दाखवत म्हणाला: इथे आपण झोपलो, इथे थंडी वाजली, इथे तुझं डोकं दुखलं.

त्या आठवड्यात स्वतःच्या आयुष्यातल्या मुक्कामांची यादी करा. गाव, खोली, नोकरी, इस्पितळ. विशेषणं घालू नका, फक्त नावं लिहा. मग प्रत्येकापुढे लिहा, तेव्हा सोबत कोण होतं. बेने इस्राएल कुटुंबात ही यादी कोकणातल्या एखाद्या गावाने सुरू होते आणि कधी कधी लोद किंवा बेअरशेबाला संपते. आडनावात ते गाव अजून बसलेलं असतं: दिवेकर, पेणकर, नवगावकर.

तझरीआ-मेत्सोराचंही तसंच. त्यातल्या त्वचेच्या विकाराचं भाषांतर मराठीत कुष्ठरोग असं होत आलं, पण मजकुरात तो कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही येतो, म्हणजे आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो हा नव्हे. रब्बींनी त्याचा संबंध चहाडीशी आणि निंदेशी जोडला. मला त्यात कोहेनचं, म्हणजे याजकाचं, वागणं महत्त्वाचं वाटतं. तो उपचार करत नाही. तो बघतो, सात दिवस थांबतो, पुन्हा बघतो. आणि माणूस छावणीबाहेर एकटा असतो तेव्हा कोहेन स्वतः बाहेर चालत जातो. तुमच्या माहितीत छावणीबाहेर कोण आहे, आणि त्याच्याकडे कोण जातं?

क्रूर वाटणारे भागही येतील. भाल्याने दोघांना ठार करणारा पिन्हास येईल, अमालेक या शत्रू जमातीच्या नाशाची आज्ञा येईल. ते मऊ करू नका. परंपरेनेही ते मऊ केलेले नाहीत, त्यांच्याशी वाद घातला आहे. तुमचा नकार वहीत लिहा, तोही वाचनाचाच भाग आहे.

एकट्याने वाचू नका

ज्यू अभ्यासाची नेहमीची रीत जोडीची आहे, तिला हावरुता म्हणतात. दोघांनी तोच मजकूर मोठ्याने वाचायचा आणि एकमेकांचं म्हणणं तपासायचं. आठवड्यातून अर्धा तास फोनवर जमलं तरी पुष्कळ. जोडीदार सहमत होणारा नको, ‘हे कुठे लिहिलंय, दाखव’ म्हणणारा हवा.

सेफेर तोरामधून जाहीर वाचनासाठी दहा जणांचा मिन्यान लागतो आणि कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये आता तो जमत नाही. छापील पुस्तकातून घरी वाचायला मात्र कुणीच लागत नाही. शुक्रवारी रात्री मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथची आशीर्वाद-प्रार्थना, झाला की जेवताना दोन मिनिटं पाराशेबद्दल बोला. आपला निष्कर्ष ऐकवू नका, आपला प्रश्न ठेवा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला आधी बोलू द्या.

ज्यू नसलेल्यांना सिनेगॉगमध्ये वाचन ऐकायचं असेल तर आधी संपर्क साधून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाका, फोन बंद ठेवा. सुरक्षेची तपासणी असते, ती समजुतीने घ्या.

सुरुवात कधी करायची

येत्या रविवारी, जी पाराशा असेल तिथून. सिम्हात तोराची वाट पाहत बसू नका. मधूनच शिरल्यामुळे संदर्भ लागला नाही तर मागचे दोन अध्याय वाचून घ्या, तेवढं पुरतं. मध्ये काही आठवडे सुटले तर त्यांची थकबाकी भरू नका. चालू आठवड्याची पाराशा उघडा. सुटलेली पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, आणि तिचं पान वहीत कोरं असेल.